स्वतःच्या पायावर उभं राहिल्याची गोष्ट लिहिताना

जन्मापासून सुरुवात करू नका. असे लेख बहुतेकदा बालपणातच अडकतात आणि ज्या दिवसासाठी लिहायला घेतलं, तो शेवटच्या चार ओळींत उरकला जातो. आधी तो दिवस निवडा: पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं तो, किंवा भाड्याच्या खोलीची किल्ली हातात आली तो. १००० शब्दांच्या लेखात निदान ६०० त्याच दिवसाला द्या. आधीची सगळी वर्षं २०० शब्दांत बसत नसतील, तर तो दुसरा लेख आहे.

पहिला खर्डा एका बैठकीत, न खोडता लिहा. राग येईल तो येऊ द्या, छाटणी नंतर.

मग लाल पेन घ्या आणि ‘घुसमट’, ‘अन्याय’, ‘संघर्ष’ जिथे जिथे आलेत तिथे गोल करा. हे शब्द थेट निकाल सांगतात, साक्षीपुरावा काहीच नाही. ‘घरात माझं कोणी ऐकत नसे’ यावर वाचक मान डोलावतो आणि विसरतो. ‘दादा बोलायला लागला की सगळ्यांचे घास थांबत, मी बोलले की कोणीतरी पाणी मागे’ असं लिहिलं की तो त्या पंगतीत येऊन बसतो. प्रत्येक गोलाच्या जागी असं डोळ्यांनी पाहिलेलं किंवा कानांनी ऐकलेलं काहीतरी हवं.

सगळ्यात अवघड असतो अडवणारा माणूस. तो निव्वळ खलनायक झाला की निघताना पाय का जड झाले होते, हे वाचकाला कळतच नाही. त्यानेच कधी तापात उशाशी रात्र काढली असेल, तर तेही लिहा. (मारहाणीला सबब शोधा, असा याचा अर्थ नाही.) त्याची बाजू त्याच्याच तोंडच्या एका वाक्यात येऊ द्या, शब्द नेमके आठवत नसतील तर अवतरणचिन्हं काढा.

नुसतं नाव बदलून माणूस लपत नाही. नातं, हुद्दा आणि गाव एकत्र आले की ओळखीचे लोक बरोबर ताडतात. हुद्दा आणि गाव गाळा. नातं मात्र शक्यतो राहू द्या. बापाच्या जागी काका घातला तर नकाराचं वजनच बदलतं.

आठवडाभर बाजूला ठेवून मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल ते वाक्य तोडा. शेवटी परिच्छेदभर उपदेश आला असेल, तर तो हाताने झाकून बघा. कुलूप उघडलं, दिवा लावला, खोलीत बसायला खुर्ची नव्हती. लेख तिथेच संपलेला असतो.