सांगलीहून ठाण्यात येताय? मग हे वाचून या

दरवर्षी जून-जुलैत गावाकडून कोणाचा ना कोणाचा फोन असतोच, दादा ठाण्यात जॉब लागलाय, रूम कुठे बघू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी रूम. घोडबंदर रोडचे टॉवर बघून हुरळू नका, स्विमिंग पूल मस्त असतो पण ऑफिस दादर-परळकडे असेल तर स्टेशन गाठेपर्यंतच अर्धा जीव जातो. त्यापेक्षा नौपाडा, चरई, नाहीतर पूर्वेला कोपरी बघा, बिल्डिंगी जुन्या, लिफ्ट असेलच असं नाही, पण स्टेशन चालत. अॅग्रीमेंट 11 महिन्यांचं, ब्रोकर साधारण एक महिन्याचं भाडं घेतो, पोलीस व्हेरिफिकेशन लगेच उरकून घ्या. ऑफिस ऐरोली-वाशी साइडला असेल तर ट्रान्सहार्बर लाइनची लोकल, ठाणे स्टेशनचा 9-10 नंबर प्लॅटफॉर्म. सीएसएमटीकडे जाणाऱ्यांनी सुरुवातीला इथूनच सुटणारी ठाणा लोकल पकडावी, फास्टच्या नादी लागू नये.

आता मुद्द्याचं. आपली पोरं इथे वर्षानुवर्षं राहतात आणि त्यांना स्टेशन, मॉल आणि डी-मार्ट सोडून ठाणं माहीत नसतं, याचा मला खरंच राग येतो. अहो, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण गाव त्याच्याही कितीतरी आधीचं, शिलाहारांची राजधानी, तेव्हाचं श्रीस्थानक. एका रविवारी सकाळी तलावपाळीला जा. मासुंदा तलावाला चक्कर मारा, लगत कौपिनेश्वराचं देऊळ आहे, आतलं शिवलिंग एवढं भलंमोठं की पहिल्यांदा बघणारा जरा थबकतोच. जवळच पोर्तुगीजांच्या वेळेपासूनचं चर्च. आणि किल्ला कुठाय विचाराल तर लोक जेलकडे बोट दाखवतील, कारण पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि 1737 ला मराठ्यांनी घेतलेला तो किल्ला म्हणजेच आजचं मध्यवर्ती कारागृह. इंग्रजांनी पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळ्यांना इथेच डांबलं होतं, 1816 मध्ये ते निसटले. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला फाशी दिली तीही इथेच. बाहेरून रिक्षा, बस, गर्दी, कोणाला पत्ता नसतो.

भूक लागली की तहसील कचेरीजवळ मामलेदार मिसळ. आपल्याकडची मिसळ डोक्यात ठेवून जाऊ नका, ही वेगळीच. तिखट किती हवं ते विचारतात, पहिल्या वेळी मीडियमच सांगा, आम्ही सांगलीकर म्हणून फुशारक्या मारत तिखट मागणारे नाक पुसत बाहेर येताना मी पाहिलेत. टेबल अनोळखी माणसांबरोबर शेअर करावं लागतं आणि खाऊन झालं की उठायचं, गप्पा बाहेर.

नाटकाची आवड असेल तर गडकरी रंगायतन आहेच, 1978 पासूनचं. वाचणाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालयाची मेंबरशिप घ्यावी, 1893 ची संस्था आहे. पाडव्याची शोभायात्रा, दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडला नटूनथटून जमणारी पोरंपोरी, नवरात्रात टेंभी नाक्याची देवी, हे एकदा तरी बघाच, त्या दिवशी गाडी मात्र घरी ठेवा.

नदी नाही म्हणून चुटपुट लागते, खोटं कशाला सांगू. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं विचारत मोठे झालेलो आपण. इथे खाडी. उल्हास नदी घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि तिचा एक चिंचोळा फाटा ठाण्याच्या खाडीला जोडलेला आहे. त्यामुळे इथे फूट नाही, भरतीच्या वेळा बघायच्या. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की ऑफिसातून लवकर निघा. ओहोटीला कळव्याच्या पुलावरून बघाल तर नुसता काळा चिखल, तिवरं आणि वास, पण त्याच चिखलात फ्लेमिंगोचं खाणं असतं. 2015 ला खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. साधारण नोव्हेंबर ते मे पक्षी असतात, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट निघते, वेळ भरतीवर ठरते म्हणून आधी चौकशी करून बुकिंग करा, शनिवार-रविवारचं तर नक्कीच, आणि टोपी न्या.