खाऱ्या वाऱ्यातले विजेचे मनोरे: गंजाबाबतच्या या चुका टाळा

मनोऱ्यावर गंज दिसला की पहिल्यांदा रंगाचा डबा उघडला जातो. कोकण किनाऱ्यावर ही सवय महागात पडते. मनोऱ्याच्या पोलादावर दिलेल्या जस्ताच्या नव्या थरावर नेहमीचा तैलरंग थेट मारला, तर रंगातलं तेल आणि जस्त यांच्या मधल्यामध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यासाठी जस्तावर चालणारा प्रायमर आधी लागतो.

आयएस 4759 या भारतीय मानकानुसार 5 मिमी किंवा त्याहून जाड पोलादावर चौरस मीटरला किमान 610 ग्रॅम जस्त हवं, म्हणजे साधारण 85 मायक्रॉनचा थर. साइटवर भोक जुळलं नाही म्हणून गॅस कटरने मोठं केलं, की नेमका तिथला थर उडतो. वर चंदेरी रंग फासला की दिसायला सगळं ठीक! पण तो फक्त रंग जुळवतो. कापलेली कड घासून, कोरडी करून तिथे जस्ताचं प्रमाण भरपूर असलेला रंगच लावा. (जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे, अँगल पावसात एकावर एक रचून ठेवले तर पांढरा गंज धरतो; मधे लाकडी पट्ट्या घालून तिरके ठेवा.)

खरी गोम मात्र पायाशी असते. पाय काँक्रीटमध्ये शिरतो तिथल्या मफिंगला, म्हणजे पायाभोवतीच्या काँक्रीटच्या आवरणाला, बाहेरच्या बाजूने उतार नसेल तर पाणी साचतं. त्यातच बांधाची माती, पालापाचोळा वर चढला की पोलाद थेट ओल्या मातीत बुडतं. लांबून मनोरा ठणठणीत दिसतो, म्हणून पाहणीला जाताना फावडं सोबत हवंच. माती उकरल्याशिवाय ‘पाय ठीक’ असा शेरा मारू नये.

अर्थिंगमध्ये तांब्याची जाळी आणि जीआयची पट्टी जमिनीत एकमेकांना जोडणं हा आणखी एक घोळ. जस्ताचं विभव (धातूची विद्युत पातळी; ती जितकी उणे, तितका धातू आधी झिजतो) उणे 0.76 व्होल्ट, तांब्याचं अधिक 0.34, ओल्या मातीत आधी जस्त विरघळतं, मग पोलाद. तांबं जास्त आणि जीआय कमी असेल तर हे आणखी वेगाने होतं. अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ जमिनीचा रोध कमी करतं, पण तिथला अर्थिंगचा पाइपही खातं.

आणि मेगरवर (रोध मोजायच्या यंत्रावर) अर्थिंगचा रोध कमी आला म्हणून निश्चिंत राहू नका. झिजून बारीक झालेली पट्टीही चांगलं रीडिंग देते. लाइनमध्ये बिघाड होऊन मोठा प्रवाह आला की मात्र तीच वितळते. जोडाजवळ खणून पट्टीची जाडी कॅलिपरने मोजा आणि मूळ मापाशी ताडून पाहा.