सर्व्हर नेटवर्कला लागत नाही? आधी वायर हातात घ्या

शुक्रवारी बाजार असतो, म्हापशात गाडी लावायला जागा मिळत नाही. नेमका त्याच दिवशी, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, एका हिशेबनिसांच्या ऑफिसातून फोन आला: "सर्व्हर गेला, बिलं अडलीत, जरा येता का?" मी डिचोलीहून पोचेपर्यंत तिथल्या पोराने सर्व्हर चारदा रीस्टार्ट केला होता, आणि इंटरनेटवर वाचून नेटप्लॅनची (लिनक्स सर्व्हरची नेटवर्क-मांडणी जिच्यात लिहिलेली असते ती) फाइलही बदलली होती. एक दोष होता, त्याचे दोन झाले.

म्हणून माझा क्रम खालून वर जातो: वायर, कार्ड, पत्ता, रस्ता आणि मग नाव. फाइलला हात सगळ्यात शेवटी. नेटवर्क नाही म्हणजे एसएसएचही (दुरून सर्व्हरवर काम करायची सोय) नाही, तेव्हा मॉनिटर आणि कीबोर्ड जोडूनच बसा.

पोर्टवरचे दिवे बघितले की 'आयपी लिंक' ही कमांड चालवा. कंसात 'नो-कॅरिअर' दिसलं तर कार्ड जागं आहे, पण पलीकडून सिग्नल नाही. वायर, नेटवर्क स्विचचा (ऑफिसातल्या वायरी जिथे येऊन जोडतात तो डबा) पोर्ट किंवा खुद्द स्विच तपासा. (स्विचचा प्लग काढून कुणी मोबाइल चार्जिंगला लावलेला मी दोनदा पाहिलाय.) कंसात 'अप'च नसेल तर कार्ड उठवलेलंच नाही. इथे तेच होतं. 'आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप' दिलं (ईएनपी३एस० हे इथल्या कार्डाचं नाव), दिवा लागला.

मग 'ईथटूल ईएनपी३एस०'. स्पीड आला १००. कार्ड गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचं), स्विच गिगाबिट, आणि स्पीड १००? तिथेच थांबा. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. बहुतेक वेळा एखादी तार किंवा पिन गेलेली असते. 'आयपी -एस लिंक' मिनिटभराच्या अंतराने दोनदा चालवा. एररचा आकडा किती आहे याला महत्त्व नाही, तो वाढतोय का ते बघा. इथे भराभर वाढत होता.

प्लग काढून खिडकीपाशी उजेडात धरला. दोन पिना हिरव्या, तांब्याच्या जुन्या भांड्याला कळंक चढावा तशा. वायर त्याच खिडकीतून आत येत होती आणि पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत थेट प्लगपर्यंत. असा प्लग पुसून चालवू नका, कापाच. बोटभर वायर सोडून नवा बसवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडायचा नाही. आठही तारांची टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली आणि वरचं आवरण पकडीखाली गेलं, की मगच क्रिंपर दाबा.

स्पीड १००० झाला. नेट मात्र नाही! 'आयपी अ‍ॅड्रेस'मध्ये आयपीव्ही४चा पत्ताच नव्हता. (१६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणारी सोय) उत्तर दिलेलं नाही असं समजा.) फाइल उघडली, तर पोराने 'ईथ०' लिहिलं होतं. त्या नावाचं कार्ड या मशिनात नाहीच. नाव कायम 'आयपी लिंक'मधून उतरवून घ्या, आणि 'नेटप्लॅन अप्लाय'ऐवजी 'नेटप्लॅन ट्राय' द्या: १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही, तर जुनी मांडणी परत येते.

पुढचं झटपट होतं. 'आयपी राउट'मध्ये 'डिफॉल्ट'ची ओळ हवी. आधी गेटवेला (बाहेर जायचं दार, बहुधा राउटर) 'पिंग' करून उत्तर येतं का बघा, मग ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं पण नावाला नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सोयीचा. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' बघा. पिंग कधी येतं, कधी नाही, आणि वायर धड आहे? मग तोच पत्ता दुसऱ्या कुणाला दिलाय का ते 'आर्पिंग -डी'ने तपासा. नवा प्रिंटर आला असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर.

बिलं निघू लागली. निघण्याआधी खिडकीबाहेर वायरीला खाली लोंबणारा एक झोळ दिला, म्हणजे पाणी आत येण्याआधी त्या टोकावरूनच गळून पडेल. कापलेला हिरवा प्लग पोराने मागून घेतला.