पहिला मराठी चित्रपट करताना: कागद आधी, कॅमेरा नंतर

कथा आवडली, लेखकाशी फोनवर बोलणं झालं, ११ हजारांचं टोकनही दिलं. इथवर नव्या निर्मात्याच्या हाती काहीच आलेलं नसतं. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असेल तरच कायद्यात टिकतं.

करारात कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांसाठी शो लावायचा म्हटला तरी अडचण. याहून मोठा खड्डा वेगळाच आहे: मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपुष्टात येतात, करारात वेगळं लिहिलं असेल तरच वाचतात. पैसे उभे करण्यातच दीड-दोन वर्षं जातात, तेव्हा हे वाक्य वकिलाकडून आवर्जून घालून घ्या.

कादंबरीवर चित्रपट करणार असाल तर प्रकाशकाकडे चित्रपटाचे हक्क असतीलच असं नाही. लेखकाचा करार पाहा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात आणि चार वारस असतील तर चौघांच्याही सह्या लागतात. तिघांवर भागवलं की चौथा नेमका प्रदर्शनाच्या आठवड्यात नोटीस पाठवतो. ओटीटी किंवा वाहिनी विकत घेताना कथा, पटकथा, संवाद, गीत, संगीत, कलाकार अशा सगळ्यांचे करार एकत्र मागते. गीतकार-संगीतकारांचा चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हक्क २०१२च्या दुरुस्तीनंतर लिहून घेता येत नाही, तसा प्रयत्नही करू नका.

नावाची नोंदणी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ किंवा इम्पासारख्या निर्मात्यांच्या संस्थेत, पोस्टर करण्याआधी करा.

शूटिंग संपेपर्यंतच्या खर्चाला बजेट म्हणू नका. डीआय (चित्रपटाची अंतिम रंगदुरुस्ती), साउंड मिक्सिंग, सेन्सॉर, डीसीपी (थिएटरात चालवायची डिजिटल प्रत), थिएटरचं डिजिटल भाडं आणि प्रसिद्धी हे पैसे पहिल्या शिफ्टच्या आधी वेगळ्या खात्यात ठेवा, वर १० टक्के आकस्मिक खर्चासाठी. राज्य सरकारचं अनुदान चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर दर्जानुसार मिळतं. त्याच्या भरवशावर व्याजाने पैसे उचलणं हा मराठी निर्मात्यांचा जुना रोग आहे. कलाकारांच्या मानधनातून १० टक्के टीडीएस कापून पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरा. एका माणसाला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही, त्यामुळे लोकेशनवाला आणि खानावळवाला दोघांनाही बँकेतूनच पैसे द्या.

गावाकडची गोष्ट म्हटली की बैल, कोंबडी, कुत्रं येतंच. प्राण्यासाठी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते आणि शूटिंगनंतर त्यांचं ना-हरकत पत्रही. ते नसेल तर सेन्सॉर अडतं. 'मागे नुसती बैलजोडी उभी होती' हे स्पष्टीकरण कामाला येत नाही. नंतर तो शॉट काढायचा किंवा व्हीएफएक्सने बैल घडवायचा, दोन्ही महाग.

बालकलाकार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्या. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, आणि मानधनाचे किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. हे लक्षात घेऊन शेड्यूल लावा. मुलाचे सीन सकाळी उरकायचे की संध्याकाळी, हे सहायक दिग्दर्शकाने आधीच ठरवलं नाही तर अख्खं युनिट बसून राहतं.

सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो. २०२४च्या नियमांपासून यूएच्या (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या) आत ७+, १३+, १६+ असे टप्पे आहेत. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालं की टीव्हीचे हक्क विकताना काटछाट करून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तेव्हा वाहिनीचे पैसे गृहीत धरले असतील तर हा विचार पटकथेच्या टेबलावरच व्हावा. पात्र विडी ओढत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची आरोग्यसूचना, शिवाय त्या दृश्यावर इशारा येतो. प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत प्रदर्शनाची तारीख जाहीर करू नका. एका कटवरून रिवायझिंग कमिटीपर्यंत (सेन्सॉरच्या फेरतपासणी समितीपर्यंत) जावं लागलं तर बुक केलेली थिएटरं दुसऱ्या चित्रपटाकडे जातात.