कराओकेत 'रु' आला की काय गायचं?

टोकियोत ऑफिसची मंडळी कराओकेला जमली की शिरितोरी ठरलेली: गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर धरून पुढचं गाणं. आपली अंताक्षरीच म्हणा, फक्त नाव 'न्' वर संपलं की बाद.

माझ्या आधीचा हटकून 'योरु नि काकेरु' (२०१९) लावायचा आणि मी 'रु'वर अडकायचो. जपानी क्रियापदं मूळ रूपात 'उ'कारान्त, त्यात 'रु'वाली उदंड. एकदा ऐटीत 'रूजु नो देंगोन' (१९७५) निवडलं. शेवटी 'न्'! हशा नुसता.

आता तेराओ आकिराचं 'रुबी नो युबिवा' (१९८१) पाठ केलंय. खालच्या पट्टीतलं, बोलल्यासारखं. माझ्या भसाड्या आवाजालाही झेपतं. वर 'वा' पुढच्याच्या गळ्यात. त्याच्याकडे 'वाताशि गा ओबासान नि नात्तेमो' (१९९२) तयार असतं म्हणा.