पडीक माळाचं कुरण कसं करावं आणि शेताशी कसं जोडावं

बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या लाल जमिनीपासून अथणीच्या काळ्या रानापर्यंत, शेताला लागून थोडाफार माळ बऱ्याच जणांकडे असतो. जूनमध्ये पहिली हिरवळ दिसली की त्यावर जनावरं सुटतात आणि दिवाळीपर्यंत तो उघडा पडतो. अशा माळाला खतापेक्षा आधी विश्रांती हवी. गवत पानांत अन्न तयार करून मुळांत साठवतं. कोंब वर येता येताच खुडला गेला की मुळं आखडतात आणि पुढचा पाऊस जमिनीत मुरायचं सोडून माती घेऊन वाहतो.

आधी माळावर काय उरलंय ते बघा. मारवेल, पवन्या या चाऱ्याच्या चांगल्या गवतांचे ठोंब दिसत असतील तर नुसती चराई आवरली तरी माळ सुधारतो. सगळीकडे कुसळीच असेल तर चराई जास्त झाली आहे किंवा दर उन्हाळ्यात माळ पेटतो आहे. कुसळीचं बी कुसळाच्या पिळानं जमिनीत शिरतं, म्हणून आगीतून वाचतं. चांगल्या गवतांचं वर पडलेलं बी मात्र जळून जातं. ‘जाळलं की गवत चांगलं फुटतं’ ही समजूत माळाचं फार नुकसान करते. कुसळी असलीच तर कुसळं धरायच्या आत कापून वाळवा. नंतर ती जनावरांच्या तोंडात रुततात.

वळवाच्या पावसानं जमीन मऊ झाली की उताराला आडवे, समपातळीत चर काढा : 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल, माती खालच्या अंगाला. पातळी नजरेनं धरू नका, पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरा. चर एका टोकाला जरा जरी झुकला तरी सगळं पाणी तिथं जमून फुटतं आणि ओघळ पडते.

मृग लागला की स्टायलो पेरा. हे द्विदल चारापीक हलक्या मुरमाड जमिनीतही तग धरतं आणि हवेतला नत्र जमिनीत आणतं. पाणी साचतं तिथं मात्र टिकत नाही. एकरी 2 किलो बी घ्या. कवच टणक असतं, म्हणून 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 3 ते 4 मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात टाका आणि सावलीत सुकवा. पाणी उकळतं असेल तर बी मरतं. वाळूत मिसळून फेका, वरून काटेरी फांदी ओढा. 1 सेंमीपेक्षा खोल गेलेलं बी सहसा उगवत नाही. पहिल्या वर्षी रोपं सावकाश वाढतात. त्या वर्षी जनावर आत सोडू नका, गवत कापूनच घाला.

मारवेल 45 × 30 सेंमीवर लावायचं तर एकरी 30 हजार ठोंब लागतात. विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. एका गुंठ्यात साधारण 750 ठोंब लावा आणि पुढच्या पावसाळ्यात तेच फोडून चरांच्या मातीवर न्या.

दुसऱ्या वर्षी चराई सुरू करण्याआधी माळ किती जनावरं पोसेल ते मोजा. ऑक्टोबरमध्ये, न चरलेल्या जागी, एक मीटर लांब-रुंद चौकोनातलं गवत कापा, खडखडीत वाळवा, तोला. असे पाच-सहा चौकोन घेऊन सरासरी काढा. जितके ग्रॅम, त्याच्या चौपट किलो एकरी. 400 ग्रॅम भरले तर 1,600 किलो. त्यातलं निम्मंच जनावरांचं, उरलेलं मुळांसाठी आणि माती झाकायला. मोठ्या गाईला दिवसाला 10 किलो कोरडा चारा धरला तर त्या एकरावर एक गाय 80 दिवस निघते. वर्षाचे बाकीचे दिवस कडबा, वैरण लागणारच. हा हिशेब न करता जनावरं वाढवली की दोन वर्षांत माळ पुन्हा उघडा.

माळाचे पाच तुकडे करा. गवत 20-25 सेंमी झालं की एका तुकड्यात सोडा, 8-10 सेंमीवर आलं की पुढच्यात हलवा. भर पावसाळ्यात एका तुकड्यात आठवड्याहून जास्त नको, कारण नवे फुटवे पुन्हा खुडले जातात. दिवस मोजण्यापेक्षा गवताची उंची बघा. ऑगस्टअखेर एक तुकडा बी पडेपर्यंत बंद ठेवा, दरवर्षी वेगळा. झडीत काळ्या रानावर जनावरं नेऊच नका. खुरांनी जमीन दाबली जाते.

आता शेत. सोयाबीननंतर शाळू, भातानंतर मसूर अशी द्विदलाची पाळी चुकवू नका. चांगलं कुजलेलं शेणखत एकरी 4 टन घाला. कच्च्या शेणातून तण येतं. उसाचं पाचट न जाळता सरीत पसरा, त्यावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या.

ज्वारी काढल्यावर बुडख्यांना फुटलेल्या कोवळ्या कोंबांवर जनावरं सोडू नका. पाण्याचा ताण बसलेल्या अशा कोंबांत विष असतं आणि भुकेलं जनावर थोड्या वेळात दगावतं. कोंब नांगरून टाका, मगच रान चरायला मोकळं करा.