कोरियाचा उन्हाळा: निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी तारखा ठरवा, बाकीची यादी त्यांच्यावर अवलंबून आहे. कोरियाचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, आणि त्याच्या ऐन मध्यात पाऊस. जूनच्या अखेरीपासून साधारण महिनाभर तिथे ‘जांगमा’, म्हणजे पावसाळा, असतो, तो ओसरला की दमट उकाडा. जुलैअखेर आणि ऑगस्टचा पहिला आठवडा खुद्द कोरियन लोक सुट्टीवर निघतात, तेव्हा किनारे आणि गाड्या भरलेल्या असतात. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे मुलांना घेऊन जायचं तर जूनचा पहिला पंधरवडा गाठा. तसं बंधन नसेल तर मी जुलैच सुचवेन. पावसाला घाबरून हा महिना टाळणारे पुष्कळ आहेत, पण बुयोच्या गुंगनामजी तळ्यात कमळं फुलतात ती जुलैतच. सोराकसान डोंगरातल्या ओढ्यांना तेव्हा भरपूर पाणी असतं, आणि बोसोंगचे चहाचे मळे धुक्यात बघावेत.

व्हिसा लागतो, अर्ज महिना-दीड महिना आधी करा. मग आरक्षणं. सोलच्या छांगदोकगुंग राजवाड्यामागची बाग फक्त ठरलेल्या वेळेच्या फेरीतच बघता येते, म्हणून वेळ आधी राखून ठेवा. हा राजवाडा सोमवारी बंद असतो आणि ग्योंगबोकगुंग मंगळवारी, एवढं बघूनच सोलचे दिवस लावा. जेजू बेटावर हाल्लासान डोंगराच्या (१,९४७ मीटर) माथ्यावर जाणाऱ्या वाटांनाही नोंदणी लागते. मुसळधार पावसाचा इशारा आला की डोंगरवाटा बंद करतात. त्या दिवसासाठी दुसरं ठिकाण हाताशी असू द्या.

माझ्या मते ते ठिकाण हेइन्सा असावं. देगूहून बसने जाता येतं. गायासान डोंगरातल्या या मठात १३व्या शतकात, मंगोल आक्रमणांच्या काळात, कोरलेले बौद्ध ग्रंथांचे ८१,२५८ लाकडी ठसे आहेत. इतक्या दमट हवेत लाकूड टिकलं कसं, याचं उत्तर इमारतीतच आहे. समोरच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, मागच्या भिंतीत नेमकं उलट. त्यामुळे हवा आत शिरून सगळीकडे फिरते आणि मगच बाहेर पडते. जमिनीच्या मातीत कोळसा, चुना आणि मीठ मिसळलेलं आहे, ते ओल शोषून घेतं. ठसे सहसा बाहेरून, गजांतून दिसतात, पण भर पावसात तिथे उभं राहिल्यावर या बांधकामाची थोरवी जितकी कळते तितकी कोरड्या ऋतूत कळणार नाही. शक्य असेल तर रात्रभर मठात राहण्याचं आरक्षण करा. पहाटे फार लवकर उठवतात, तेव्हा आदल्या दिवशी दमछाक करणारा बेत नको.

मठातलं जेवण आपल्या शाकाहाऱ्यांना मोठा दिलासा आहे: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही ते चालेल. बाहेर मात्र जपून. किमचीत बहुतेकदा माशांचा अर्क असतो, साध्या भाजीच्या सूपातही सुक्या मासळीचा रस्सा असू शकतो, आणि उन्हाळ्यातल्या थंड नाएंगम्योन शेवयांचा रस्सा सहसा गोमांसाचा. त्याऐवजी सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवया, म्हणजे खोंगगुक्सू, मागा. वर उकडलेलं अंडं येऊ शकतं, ते नको असेल तर आधीच सांगा. ‘मांस, मासे, अंडं नको’ हे कोरियनमध्ये लिहून मोबाइलमध्ये ठेवा. भात सगळीकडे मिळतो, तेव्हा मेतकुटाची पुडी घ्याच.

बॅगेत चटकन काढता-घालता येतील असे बूट आणि मोज्यांचे जादा जोड हवेत, कारण मठात आणि बऱ्याच खानावळींत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. डोंगरासाठी पकड असलेले बूट वेगळे. रेनकोट, लवकर वाळणारे कपडे, सनस्क्रीन, डासांचं मलम. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागेल. पोचल्यावर टी-मनी कार्ड घ्या, बस आणि मेट्रो दोन्हींत चालतं. ते भरायला थोडे रोख वॉन जवळ असू द्या. रस्ता शोधायला नेव्हर मॅप आधीच उतरवून घ्या.

ऑगस्टमध्ये जेजूला जाणार असाल तर परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवा, वादळात बेटावरची उड्डाणं रद्द होतात. पर्यटकांसाठीची मदतवाहिनी १३३० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक बरोबरच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवा.